समाजाची संस्था आणि तिचा पुढारी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



 समितीने आम्हाला 'संस्था आणि नेतृत्व' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तीन पाळ्यांत काम करणारी माणसं आम्ही. जे काही शिकलो ते वाचनालयात, सभा-संमेलनांत आणि युनियनच्या कचेरीत बसून शिकलो. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. पण एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे, आणि त्यासाठी आज आपल्याला थोडं लांब, अमेरिकेत जावं लागणार आहे. तिथे लॅटिनो नावाने ओळखला जाणारा समाज आहे. त्या समाजाने आपल्या संस्था कशा उभ्या केल्या, त्या कोणी चालवल्या, आणि चालवणारा बाजूला झाल्यावर त्या टिकल्या कशा, हे समजून घेतलं तर आपल्यालाही आपल्या मंडळांकडे नीट बघता येईल.

आधी हे लॅटिनो म्हणजे कोण? अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या 6 कोटी 21 लाख भरली. म्हणजे दर शंभर माणसांत जवळजवळ एकोणीस. कोणी मेक्सिकोचे, कोणी प्युर्तो रिको बेटाचे, कोणी क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, एल साल्वाडोर इथले. त्यांच्यात गोरे आहेत, काळे आहेत, मूळ रहिवाशांच्या रक्ताचे आहेत. यातले काही तर स्थलांतरित नव्हेतच; 1848 मध्ये मेक्सिकोचा पराभव झाला, त्याचा उत्तरेकडचा मोठा मुलूख अमेरिकेने घेतला, आणि तिथली माणसं आपल्याच घरात बसून परक्या राज्याची झाली. शेतात फळं तोडणं, हॉटेलात भांडी घासणं, कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवणं, ही कामं या समाजाच्या वाट्याला आली. कष्ट यांचे आणि निर्णय दुसऱ्यांचे. ही गोष्ट आपल्याला नव्याने समजावून सांगायला नको.

या समाजातल्या एका बाईंची हकिकत आज सांगायची आहे. त्यांचं नाव डॉ. आंतोनिया पांतोहा. आपल्या वस्तीतली एक मुलगी नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला असते. तिने येताना त्यांचं इंग्रजी आत्मकथन आम्हाला आणून दिलं. डिक्शनरी उशाशी घेऊन, रात्रपाळी नसेल तेव्हा थोडं थोडं करून ते आम्ही वाचून काढलं. वाचताना सारखं वाटायचं, अरे, ही तर आपल्याच घरातली कुणीतरी बाई!

पांतोहा यांचा जन्म 1922 साली प्युर्तो रिकोची राजधानी सान हुआन इथे झाला. हे बेट 1898 मध्ये अमेरिकेने स्पेनकडून घेतलं आणि 1917 मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं. पण कागदावरचं नागरिकत्व वेगळं आणि पोटातली भूक वेगळी. पांतोहा काळ्या वर्णाच्या आणि अत्यंत गरीब घरातल्या. आजोबा तंबाखूच्या कारखान्यात कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते होते. ज्या वस्तीत त्या वाढल्या तिचं नावच 'बार्रिओ ओब्रेरो', म्हणजे कामगार वस्ती.

इथे कामगार बंधूंना एक गंमत सांगितलीच पाहिजे. त्या बेटावर, तसंच क्युबात आणि फ्लोरिडातल्या टाम्पा शहरात, चिरूट वळण्याच्या कारखान्यांत एक प्रथा होती. कामगार रांगेत बसून चिरूट वळत आणि एक माणूस मोठ्याने त्यांना वाचून दाखवी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी किंवा विचारांचं पुस्तक. अक्षरओळख नसलेला कामगारही त्यामुळे जगाचं राजकारण बोलू लागे. प्युर्तो रिकोत लुईसा कापेतियो नावाची एक बाईसुद्धा हे वाचनाचं काम करीत असे आणि ती पुढे कामगार पुढारी झाली. पण खरी मेख पुढे आहे. या वाचणाऱ्याला पगार कोण देई? मालक नव्हे. कामगार स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून त्याला पैसे देत. म्हणून काय वाचायचं हेही कामगारच ठरवीत. 1931 मध्ये टाम्पाच्या मालकांनी हे वाचन बंद केलं, तेव्हा कामगारांनी काम थांबवलं. आमच्या खात्यात साच्यांचा एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, तिथे पुस्तक कुठलं ऐकणार! पण ज्याची वर्गणी त्याचा शब्द, हा कायदा सगळ्या कारखान्यांना आणि सगळ्या संस्थांना लागू आहे. तो ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

तर पांतोहा शिकल्या, शिक्षिका झाल्या, डोंगरातल्या शाळेत नोकरी केली. आणि 1944 च्या नोव्हेंबरात पोटासाठी न्यूयॉर्कला आल्या. तिथे काय केलं? कारखान्यात वेल्डिंग केलं. पाणबुड्यांचे रेडिओ जिथे बनत तिथे त्या जोडकाम करीत. मग दिव्यांच्या कारखान्यात लागल्या. तिथेच कामगारांना त्यांचे हक्क काय, युनियन कशी करायची, हे समजावून सांगू लागल्या. काम करता करता शिकल्या. 1952 मध्ये हंटर कॉलेजची पदवी आणि 1954 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. बंधू-भगिनींनो, कोलंबिया म्हटल्यावर आपले कान टवकारणारच. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे विद्यापीठ.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये काय परिस्थिती होती? 1940 मध्ये शहरात प्युर्तो रिकोचे सुमारे 60 हजार लोक होते, ते 1960 मध्ये 6 लाखांच्या वर गेले. बेटावर काम नव्हतं, विमानाचं भाडं आवाक्यात आलं होतं, आणि शहरातल्या कारखान्यांना स्वस्त हात हवे होते. मुलं शाळेत गेली तर शिकवणं सगळं इंग्रजीत. स्पॅनिश बोलणाऱ्या पोराला इंग्रजीतून परीक्षा द्यायला लावायची, त्याला काही लिहिता आलं नाही की 'मंद' म्हणून मागच्या वर्गात बसवायचं. 1963 मध्ये शहरातल्या हायस्कुलांनी पुढच्या कॉलेज शिक्षणाला उपयोगी पडणाऱ्या सुमारे 21 हजार पदविका दिल्या, त्यांत प्युर्तो रिकन मुलं होती फक्त 331.

या समाजासाठी कोणी काहीच करत नव्हतं असं नाही. सरकारी खाती होती, चर्चच्या संस्था होत्या, दानशूर लोक होते. पण त्या संस्थांत निर्णय घेणारा माणूस क्वचितच प्युर्तो रिकन असे. समाज रांगेत उभा राहणारा आणि दुसरा कोणीतरी खिडकीच्या आत बसणारा. पांतोहा यांनी ही गोष्ट ओळखली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या प्रश्नावर आम्ही विचार करू, आमची माणसं तयार करू, आणि खिडकीच्या आत आमची माणसं बसतील. आधी विद्यार्थी-तरुणांचं मंडळ काढलं. 1957 मध्ये 'प्युर्तो रिकन फोरम' स्थापन केला. आणि 1961 मध्ये जी संस्था काढली तिने इतिहास घडवला. तिचं नाव 'आस्पिरा'. स्पॅनिशमध्ये या शब्दात आकांक्षा धरण्याचा अर्थ आहे.

आस्पिराने काय केलं? फुकट धान्य वाटलं नाही. हायस्कुलांत मुलांचे क्लब काढले. क्लबचे पदाधिकारी मुलांनीच निवडायचे, सभा त्यांनीच घ्यायची, इतिवृत्त त्यांनीच लिहायचं, आणि सगळ्या क्लबांचा मिळून एक संघ. तिथे आपल्या बेटाचा इतिहास शिकायचा. कॉलेजचा अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कुठे मिळते, हे समजावून द्यायला संस्थेचे सल्लागार. घरी जाऊन आईबापांशीही बोलायचं, कारण पोरगं सोळा वर्षांचं झालं की त्याने कमवावं असं गरीब बापाला वाटणारच. आता कोणी विचारील, पुस्तकं द्यायची, फी भरायची, तर हे सभा आणि इतिवृत्त कशाला? तर त्याचसाठी! पोरगा पास झाला म्हणजे एक घर वर आलं. पण सभा चालवायला शिकला, हिशोब ठेवायला शिकला, विरोधी मत ऐकून घ्यायला शिकला, म्हणजे समाजाला एक कार्यकर्ता मिळाला. सेवा करणारी संस्था आणि माणूस घडवणारी संस्था यांत हा फरक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पांतोहा यांनी आस्पिरा काढली खरी, पण त्या जन्मभर खुर्चीला चिकटून बसल्या नाहीत. 1960 चं दशक संपायच्या आतच त्यांनी संचालकपद सोडलं आणि दुसऱ्यांच्या हाती कारभार दिला. आणि गंमत बघा, आस्पिराची सगळ्यांत मोठी लढाई त्यानंतर झाली. 1972 मध्ये आस्पिरा ऑफ न्यूयॉर्कने शहराच्या शिक्षण मंडळावर खटला भरला. बाजू मांडायला प्युर्तो रिकन वकिलांनी त्याच सुमारास काढलेली कायदेविषयक संस्था उभी राहिली. 29 ऑगस्ट 1974 रोजी तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि इंग्रजी न येणाऱ्या स्पॅनिश भाषिक मुलांना गणित, विज्ञान यांसारखे विषय त्यांच्या भाषेत शिकवणं, बरोबरीने इंग्रजी शिकवणं, हे शिक्षण मंडळावर बंधनकारक झालं. तेव्हा संस्थेच्या खुर्चीत पांतोहा नव्हत्या. पण त्यांनी लावलेली शिस्त होती आणि तयार झालेली माणसं होती.

आणि त्या स्वतः कुठे होत्या? रिकाम्या बसल्या नव्हत्या. 1970 च्या सुमारास वॉशिंग्टनला संशोधन केंद्र काढलं. प्युर्तो रिकन लोकांचं आपलं विद्यापीठ असावं म्हणून 'युनिवर्सिदाद बोरिकुआ' सुरू केलं. तेच पुढे न्यूयॉर्कचं बोरिकुआ कॉलेज झालं. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मूळ रहिवासी त्या बेटाला ज्या नावाने हाक मारीत, त्यावरून हे 'बोरिकुआ' आलं. पुढे कॅलिफोर्नियात समाजकार्य शिकवलं. म्हातारपणी बेटावर परत गेल्या तर तिथल्या डोंगराळ भागात आपल्या आयुष्याच्या जोडीदार डॉ. विल्हेल्मिना पेरी यांच्याबरोबर गावकऱ्यांना घेऊन स्वावलंबनाची संस्था उभी केली. 1996 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना 'स्वातंत्र्य पदक' दिलं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या प्युर्तो रिकन महिला. 2002 साली त्यांचं निधन झालं. कारखान्यात वेल्डिंग करणारी बाई, आणि मागे एवढ्या संस्था!

यावर कोणी म्हणेल, पुढारी सारखा बदलला तर संस्था टिकेल कशी? प्रश्न बरोबर आहे. म्हणून दुसरंही उदाहरण देतो. 1968 मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात मेक्सिकन वंशाच्या कार्यकर्त्यांनी एक परिषद काढली, तीच पुढे 'नॅशनल कौन्सिल ऑफ ला रासा' झाली. राउल इसागिर्रे यांनी 1974 पासून 2004 पर्यंत, तब्बल तीस वर्षं तिचा कारभार पाहिला. मेक्सिकन लोकांपुरती असलेली संस्था त्यांनी सगळ्या लॅटिनोंसाठी खुली केली. 1981 नंतर रेगन सरकारने समाजकल्याणाचा पैसा तोडला, तेव्हा संस्थेला बरीच माणसं कमी करावी लागली. तरीही संस्था उभी राहिली, कारण तिचा पाया गावोगावच्या लहान संस्था होत्या. आज अशा जवळपास 300 संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. प्रत्येकीचं घर वेगळं, कारभार वेगळा, पण सरकारदरबारी आवाज एक. 2005 पासून हानेत मुर्गिया या बाईंनी सूत्रं घेतली. 2017 मध्ये नाव बदलून 'युनिदोस-यूएस' झालं, तरी काम थांबलं नाही. म्हणजे किती वर्षं राहिलात हा प्रश्नच नाही. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दार कोण उघडणार, हा प्रश्न आहे. आणि एकीसाठी प्रत्येकाने आपलं घर मोडायला लागत नाही, हेही आपल्या गटातटांनी यातून शिकण्यासारखं आहे.

आता पैशाबद्दल. हा विषय काढला की आपल्याकडे माणसं चुळबूळ करतात, पण तो काढायलाच पाहिजे. अमेरिकेत अशा संस्थांना आयकर माफ असतो. त्याच्या बदल्यात कायदा काही अटी घालतो. संस्थेवर विश्वस्तांचं मंडळ असतं. रोजचा कारभार पाहणारा संचालक हा मंडळाने नेमलेला, बहुधा पगारी माणूस असतो, आणि मंडळ त्याला काढूही शकतं. नफा कोणी घरी न्यायचा नाही. निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराचा प्रचार संस्थेने करायचा नाही. मतदार नोंदणी मात्र पक्ष न बघता करता येते. चर्चसारख्या धार्मिक संस्था सोडल्या तर बहुतेक संस्थांना दरवर्षी सरकारकडे हिशोबाचं पत्रक भरावं लागतं, मोठ्या संस्थांच्या पत्रकात संचालकाचा पगारही लिहिलेला असतो, आणि कोणीही सामान्य माणूस ते मागून बघू शकतो.

पगारी कार्यकर्ता म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. आम्हालाही निःस्वार्थी कार्यकर्ता प्रिय आहे. चळवळ त्यांच्याच त्यागावर उभी राहिली. पण उघडपणे पगार घेऊन आठ तास चोख काम करणारा माणूस, आणि फुकट काम करतो असं सांगून पावतीपुस्तक घरी ठेवणारा माणूस, यांत समाजाला कोण परवडेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरी अडचण मोठ्या देणगीदारांची. तिकडे मोठमोठी फाउंडेशनं पैसा देतात, पण तो बहुधा ठराविक कामासाठी आणि ठराविक वर्षांसाठी. मुदत संपली की शिक्षक गेला, वर्ग बंद. मग काही संस्था आपल्या समाजाला काय पाहिजे हे सोडून देणगीदाराला काय आवडतं ते करू लागतात. लॅटिनो संस्थांच्या पुढाऱ्यांची कसोटी इथेच लागते. चिरूटवाल्यांचा तो कायदा आठवा: ज्याची वर्गणी त्याचा शब्द. मोठी देणगी जरूर घ्यावी, परंतु संस्थेचं रोजचं दिवाबत्तीचं तेल समाजाच्या लहान वर्गणीतूनच आलं पाहिजे. दहा रुपये देणारी आजीबाई सभेत उठून हिशोब विचारू शकते. तो तिचा हक्क आहे, आणि तोच संस्थेचा खरा पहारा आहे.

बंधू-भगिनींनो, हे सगळं अमेरिकेचं पुराण आम्ही का लावलं? आमच्या माहितीतली एक संस्था होती, नाव घेत नाही. अध्यक्ष प्रामाणिक, राबणारे. खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, वीस वर्षं एकट्याने ओढलं. पण चाव्या त्यांच्याच खिशात, सही त्यांचीच, हिशोब त्यांच्याच डोक्यात. ते अचानक वारले. बँकेत दुसऱ्या कोणाची सही चालेना, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज कसा करायचा हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि वर्षाच्या आत वसतिगृहाला कुलूप लागलं. मुलं ट्रंका घेऊन गावी परत गेली. त्यातली किती पुन्हा शाळेत गेली असतील? प्रामाणिकपणा होता, त्याग होता, पण मागचा माणूस तयार केलेला नव्हता.

गिरणीत पाळी बदलते तेव्हा साचा बंद करीत नाहीत. पहिल्या पाळीचा कामगार शेजारी उभा राहून दुसऱ्याला सांगतो, या बाजूचा धागा जास्त तुटतोय, ही चाती बघून घे. मग तो घरी जातो. सूत चालूच राहतं. जाणाऱ्याने सांगायचं आणि येणाऱ्याला शिकायचा वाव द्यायचा, एवढी साधी गोष्ट. ती आठ तासांच्या पाळीत आपल्याला जमते आणि समाजाच्या संस्थेत मात्र जमत नाही!

म्हणून या वर्धापनदिनी समितीला आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, विहाराचा वर्षाचा जमाखर्च दाराजवळच्या फळ्यावर लावावा, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. दुसरी, वरच्या मजल्यावरची अभ्यासिका तिथे अभ्यास करणाऱ्या मुला-मुलींनीच चालवावी. त्यांची निवडणूक, त्यांची सभा, त्यांचं इतिवृत्त. चुकतील, भांडतील, पण शिकतील. वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावं, मध्ये बोलू नये. तिसरी, पुढच्या निवडीत समितीवर निदान दोन तरुण असावेत आणि त्यांतली एक मुलगी असावी. नुसत्या खुर्च्या लावायला नव्हे, तर सहीचा अधिकार देऊन. आणि आजच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या कामाची माहिती कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे उद्या कोणाचं पोरगं या खुर्चीवर बसलं तर त्याला अंधारात चाचपडावं लागणार नाही.

समोर मागच्या रांगेत पोरं-पोरी बसली आहेत. त्यांना एवढंच सांगतो: बाळांनो, कोणी बोलावील याची वाट बघू नका. विहार तुमचा आहे. येत्या रविवारी सकाळी अभ्यासिकेची पहिली सभा घ्या. वही-पेन आम्ही आणून देऊ. अध्यक्ष मात्र तुमच्यातलाच निवडा.